आमची झेड आणि सांता क्लाराची हवा

मंडळाच्या गणपतीला आम्ही आमची केशरी गाडी घेऊन आलो, तेव्हा आरतीपेक्षा पार्किंगमध्येच जास्त वेळ गेला. मुलांनी विचारले, "किती वेगाने जाते?" काकामंडळींनी विचारले, "ॲव्हरेज काय देते?" आणि एका आजींनी बॉनेटवर हात ठेवून विचारले, "एवढी जुनी गाडी, नवी घ्यायला परवडत नाही का रे?" तिन्ही प्रश्नांची उत्तरे तिथे नीट देता आली नाहीत. पत्रिकेच्या संपादकांनी "मग लिहूनच द्या" असा आदेश काढला, म्हणून हा लेख. यात गाडीचा इतिहास आहे, थोडे रसायनशास्त्र आहे (आमचा पेशाच तो, त्याला इलाज नाही) आणि आमच्या हातून होता होता राहिलेल्या एका लबाडीची कबुलीही आहे.

आमची गाडी १९७८ सालची डॅटसन २८० झेड. जपानमध्ये तयार होऊन बोटीने अमेरिकेला आलेली. तिची थोरली बहीण, म्हणजे २४० झेड, ऑक्टोबर १९६९ मध्ये लोकांसमोर आली आणि १९७० पासून अमेरिकेत विकली जाऊ लागली. किंमत ३,५२६ डॉलर. लांब नाक, आखूड शेपूट, दोनच माणसे बसणार, पुढे सहा सिलिंडरचे २.४ लिटरचे इंजिन, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. त्या काळी अशा बांध्याची गाडी हवी तर जॅग्वार ई-टाइप किंवा पोर्शे ९११ घ्यावी लागे आणि त्यांच्या किमती कितीतरी वर. ब्रिटिश एमजी आणि ट्रायम्फ स्वस्त होत्या, पण जुन्या धाटणीच्या, आणि पावसाळी रात्री दगा देण्याबद्दल प्रसिद्ध. ही जपानी गाडी मात्र सकाळी किल्ली फिरवली की सुरू होई. विक्रेत्यांकडे नावनोंदणीच्या रांगा लागल्या, काहींनी ठरलेल्या किमतीवर वरकड पैसेही घेतले.

या गाडीमागचा माणूस युताका कातायामा. जन्म १९०९. निसान कंपनीने त्यांना १९६० मध्ये अमेरिकेला पाठवले. जपानमधल्या वरिष्ठांशी त्यांचे फारसे पटत नव्हते, म्हणून लांब धाडले, असे सांगतात. परदेशी पाठवणी कधी शिक्षा असते आणि कधी संधी, हे आपल्यापैकी अनेकांना नव्याने सांगायला नको. कातायामांनी पश्चिम किनाऱ्यावर एकेक विक्रेता गाठून डॅटसनचे जाळे विणले आणि १९६५ मध्ये ते कंपनीच्या अमेरिकन शाखेचे अध्यक्ष झाले. जपानमध्ये या गाडीचे नाव होते 'फेअरलेडी झेड'. कंपनीच्या तेव्हाच्या अध्यक्षांना 'माय फेअर लेडी' हे संगीत नाटक आवडले होते, त्यावरून 'फेअरलेडी' आले. अमेरिकेतला तरुण 'फेअरलेडी' लिहिलेली स्पोर्ट्स कार घेणार नाही, हे कातायामांनी ओळखले. त्यांनी बोटीतून उतरलेल्या गाड्यांवरची ती अक्षरे काढून कारखान्यातला सांकेतिक क्रमांक, २४० झेड, लावायला लावला, ही गोष्ट झेडवाले आजही आवडीने सांगतात. म्हणजे या गाडीत पहिला बदल झाला तो ग्राहकाच्या हाती पडण्यापूर्वीच. २०१५ मध्ये वयाच्या १०५ व्या वर्षी कातायामा वारले. झेडवाले त्यांना शेवटपर्यंत 'मिस्टर के' म्हणत.

गाडी आली आणि लगेच लोकांनी ती उघडायला घेतली. दक्षिण कॅलिफोर्नियात पीट ब्रॉक यांच्या बीआरई या संघाने २४० झेड शर्यतीत उतरवली. त्यांच्या जॉन मॉर्टन या चालकाने १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षे आपल्या वर्गाचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. पूर्व आफ्रिकेच्या सफारी रॅलीतही २४० झेड १९७१ आणि १९७३ साली पहिली आली. कंपनी शर्यतीचे सुटे भाग विक्रेत्यांमार्फत विकत असे. त्यामुळे रविवारी लागुना सेकाला शर्यत बघायची आणि सोमवारी कॅमशाफ्टची ऑर्डर द्यायची, हे कोणाही हौशी माणसाला शक्य होते.

पण या गाडीत हौशी लोकांपेक्षा जास्त बदल केले ते सरकारने. १९७० ची, १९७४ ची आणि १९७८ ची अशा तीन झेड शेजारी उभ्या केल्या तर त्या दशकाचे कायदे बोटाने दाखवता येतात. पहिलीचे बंपर दागिन्यासारखे नाजूक, चौऱ्याहत्तरच्या २६० झेडचे जाडजूड, कारण मधल्या काळात मंद वेगाची टक्कर सोसणारे बंपर सक्तीचे झाले. १९७३ आणि १९७४ च्या गाड्यांना धूर कमी करण्यासाठी नव्या प्रकारचे चपटे कार्ब्युरेटर बसवले. ते गरम झाले की पेट्रोलची वाफ होऊन गाडी आचके देई. मालकांनी ते काढून टाकले आणि १९७० ते ७२ चे गोल कार्ब्युरेटर शोधून बसवले. १९७५ पासून २८० झेडमध्ये कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले, आणि इंजिन पुन्हा शहाण्यासारखे वागू लागले.

आता प्रश्न असा की कायद्याला गाडीच्या धुराची एवढी काळजी कशासाठी? इथे आमचा विषय सुरू होतो.

२६ जुलै १९४३ रोजी लॉस एंजेलिसवर असा दाट, डोळे चुरचुरणारा धूर पसरला की जपान्यांनी विषारी वायू सोडला अशी अफवा उठली. मग एका कृत्रिम रबराच्या कारखान्यावर संशय गेला. कारखाना बंद ठेवला तरी धूर येतच राहिला. हे कोडे सोडवले आरी हागेन-स्मिट या डच रसायनशास्त्रज्ञाने. ते कॅलटेकमध्ये अननसाचा वास कोणकोणत्या द्रव्यांनी बनतो याचा अभ्यास करत होते. वासाची द्रव्ये पकडण्यासाठी हवा अतिथंड नळ्यांतून ओढायची, ही त्यांची रोजची रीत. अननसाऐवजी त्यांनी लॉस एंजेलिसची हवा ओढली, आणि नळीत तपकिरी, कडवट वासाचा द्रव जमला. पुढे त्यांनी दाखवले की गाड्यांतून आणि तेलशुद्धीकरणातून निघणारी हायड्रोकार्बन्स आणि नायट्रोजनची ऑक्साइडे उन्हात एकत्र आली की ओझोन तयार होतो. ज्या उन्हासाठी लोक कॅलिफोर्नियात येत, तेच ऊन हे विष शिजवत होते. तेलकंपन्यांनी त्यांना बराच विरोध केला. १९६७ मध्ये राज्याने हवा मंडळ स्थापन केले, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष हेच हागेन-स्मिट झाले. त्याआधीच, १९६६ च्या गाड्यांपासून, कॅलिफोर्नियाने देशात प्रथम नळकांड्यातून निघणाऱ्या धुरावर मर्यादा घातली होती.

हे सगळे लॉस एंजेलिसचे, आपल्याला काय त्याचे, असे म्हणू नका. नकाशा बघा. पश्चिमेला सांताक्रूझचे डोंगर, पूर्वेला डियाब्लोची रांग आणि मध्ये आपले हे खोरे. उन्हाळ्यात खाडीवरचा वारा वरच्या शहरांचा धूर घेऊन दक्षिणेला येतो आणि इथे कोंडतो. जिथे एकेकाळी जर्दाळू आणि प्रूनच्या बागा होत्या, तिथे घरे आणि एक्सप्रेस वे झाले, आणि समोरचे डोंगर दिसेनासे होण्याचे दिवस आले. आज सप्टेंबरच्या दुपारी एल कॅमिनोवरून डोंगर दिसतात ते वारा बदलला म्हणून नव्हे. गाड्या बदलल्या म्हणून.

इंजिनाच्या धुरात तीन गुन्हेगार असतात. न जळलेले पेट्रोल, अर्धवट जळल्याने झालेला कार्बन मोनॉक्साइड आणि अतिउष्णतेत हवेतल्याच नायट्रोजन-ऑक्सिजनच्या संयोगाने बनणारी नायट्रोजनची ऑक्साइडे. पहिल्या दोघांना संपवायचे तर आणखी जाळावे लागते. तिसऱ्याला रोखायचे तर आच कमी करावी लागते. भाजी करपू द्यायची नाही आणि कच्चीही ठेवायची नाही, तसाच हा पेच. आमच्या २८० झेडमध्ये त्याला दोन उपाय आहेत. एक, धुराचा थोडा भाग पुन्हा इंजिनात सोडून ज्वलनाचे तापमान उतरवायचे. दोन, उत्प्रेरक म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ज्याच्या जाळीवरच्या प्लॅटिनम वर्गातल्या धातूंवर उरलेले पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड जळून जातात. तिन्ही गुन्हेगारांना एकाच डब्यात पकडायचे तर हवा आणि पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ ला १ असे नेमके राखावे लागते. ते राखणारा ऑक्सिजन सेन्सर १९७७ च्या मॉडेलच्या व्होल्व्होत आला, आणि तीही परदेशी गाडी आधी कॅलिफोर्नियासाठीच आणली होती. उत्प्रेरकाला शिसे चालत नाही, म्हणून शिशाचे पेट्रोल गेले. मुंबईतही १९९५ च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांना कन्व्हर्टर आणि पंपांवर शिसेविरहित पेट्रोल आले, त्याचे कारण हेच.

आता कबुली. आम्ही गाडी घेतली सॅन होजेच्या एका हौशी माणसाच्या गॅरेजमधून. रंग सुंदर, आवाज त्याहून सुंदर. आवाज सुंदर का, हे बॉनेट उघडल्यावर कळायला हवे होते. आधीच्या कोणा मालकाने फ्युएल इंजेक्शन काढून तीन वेबर कार्ब्युरेटर बसवले होते, धूर परत सोडणारा व्हॉल्व्ह पत्र्याने बंद केला होता, आणि कन्व्हर्टरच्या जागी सरळ नळी होती. कॅलिफोर्नियात गाडी विकणाऱ्यानेच स्मॉग तपासणीचे प्रमाणपत्र द्यायचे असते. आम्ही घाईत होतो. "ते आमचे आम्ही बघून घेऊ," म्हणालो आणि किल्ली घेतली.

इथला नियम असा आहे. १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना स्मॉग तपासणी नाही. १९७६ पासूनच्या पेट्रोल गाड्यांना दर दोन वर्षांनी आहे. आमच्यासारख्या गाड्यांना रोलरवर चढवून ताशी १५ आणि २५ मैलांच्या वेगाला धूर मोजतात, पण त्याआधी कारखान्याने दिलेली सगळी यंत्रणा जागेवर आहे का ते डोळ्यांनी बघतात. वाहन कायद्याच्या २७१५६ व्या कलमाखाली ती काढणे किंवा बदलणे बेकायदा आहे. बदल करायचाच तर हवा मंडळाने तपासून 'एक्झिक्युटिव्ह ऑर्डर' क्रमांक दिलेला भाग बसवावा लागतो. आमची गाडी रोलरपर्यंत पोचलीच नाही. तपासनीसाने बॉनेट उघडले, आमच्याकडे पाहिले आणि बंद केले.

दुसऱ्या एका ठिकाणी (नाव सांगण्यात अर्थ नाही) एका गृहस्थाने हळूच सुचवले की नळी दुसऱ्या गाडीला लावू, कागद तुमच्या गाडीचा निघेल, तीनशे डॉलर रोख. लहानपणी ठाण्याला गाडीकडे न बघता पीयूसीचा कागद मिळतो हे आम्ही पाहिले होते. अमेरिकेत ते होत नाही म्हणून इथल्या कौतुकाची भाषणेही दिली होती. आणि आता आम्ही, उत्प्रेरकांवर प्रबंध लिहिलेले लोक, खिशातले पैसे मोजत होतो. खरे सांगायचे तर आम्हाला त्या वेळी तत्त्वाने थांबवले नाही. खिशात तेवढे रोख नव्हते, म्हणून थांबलो. बँकेच्या यंत्रापर्यंत चालत जाताना दहा मिनिटे मिळाली, आणि त्या दहा मिनिटांत लाज वाटायला वेळ मिळाला. समोर शाळा सुटत होती. आम्ही पैसे काढले नाहीत.

त्यानंतरचे चौदा महिने आमच्या शनिवारांचा हिशेब सरळ आहे. भंगाराच्या यार्डांत हिंडून हवामापक, इंजेक्टर, पेट्रोलची नळी, तारांचा गुंता असे एकेक जमवले. पन्नाशीकडे झुकलेले रबर हात लावताच तुटायचे. एका शनिवारी शेजाऱ्यांनी पेट्रोलचा वास येतो म्हणून दार वाजवले, आणि त्यांचे बरोबर होते. वेबर कार्ब्युरेटर विकले, त्यातून नवा कन्व्हर्टर आला. आवाज थोडा मवाळ झाला. वेग? शर्यतीत असतो तर जाणवला असता, लॉरेन्स एक्सप्रेस वेच्या सिग्नलांत जाणवत नाही. तपासणीत गाडी पास झाली, तेव्हा तो कागद आम्ही पीएचडीच्या कागदाच्या बाजूला ठेवला. दोन्हींना वेळ जवळपास सारखाच लागला असे घरच्यांचे मत आहे, ते अतिशयोक्त आहे.

ही गाडी आम्हाला एवढी जवळची का, याचे एक कारण मुंबईत आहे. स्वातंत्र्यानंतर कितीतरी वर्षे आयातीवर कडक बंधने होती. 'फॉरेनची गाडी' म्हणजे सिनेमातली किंवा वकिलातीतली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट निघत, त्यांचीच पुढे पद्मिनी झाली. तीच मुंबईची काळीपिवळी. शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून उतरली. १९८५ मध्ये प्रीमियरने ११८ एनई आणली. अंगकाठी इटालियन फियाट १२४ ची आणि आत निसानचे जपानी इंजिन. 'एनई' म्हणजे 'निसान इंजिन'. आमच्या वडिलांकडे ती होती. दिवाळीच्या आधी ते स्वतः तिचे प्लग साफ करत आणि आम्ही टॉर्च धरून उभे राहत असू. झेडचे बॉनेट पहिल्यांदा उघडले तेव्हा झाकणावर निसानचे नाव होते. टॉर्च कसा धरायचा हे हाताला आपोआप आठवले.

परदेशी स्पोर्ट्स कार आणि मराठी माणूस म्हटले की सचिनची फेरारी आठवणारच. २००२ मध्ये त्याने ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली आणि फियाटने त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली. सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरने किल्ली दिली. गाडी भारतात आणायची तर जकात होती सुमारे १ कोटी १३ लाख रुपये. सरकारने २००३ मध्ये ती माफ केली आणि गदारोळ झाला. खेळाडूने स्पर्धेत जिंकलेल्या गाडीला सवलत, मग भेट मिळालेल्या गाडीला कशी, असे लोकांनी विचारले. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि अखेर जकात फियाटने भरली. सचिनवर आमची श्रद्धा कोणापेक्षाही कमी नाही. तरी त्या वेळी प्रश्न विचारणाऱ्यांचेही बरोबर होते, असे आता वाटते. नियम आवडत्या माणसासाठी वाकवला की तो बाकीच्यांसाठी फक्त ताठ उरतो.

शेवटी आपल्या तरुण मंडळींसाठी दोन शब्द, कारण पार्किंगमध्ये तीन जणांनी स्कायलाइनबद्दल विचारले. १९८० च्या दशकात डॉलर वधारला तेव्हा लोकांनी युरोपातून हजारो गाड्या परस्पर आणून इथे जुजबी बदल करून विकल्या. त्याला आळा घालण्यासाठी १९८८ चा कायदा झाला. त्यातून आजचा नियम आला. अमेरिकेसाठी न बनवलेली गाडी २५ वर्षांची झाली की तिला इथले सुरक्षेचे नियम लागू होत नाहीत. म्हणून १९८९ ची निसान स्कायलाइन जीटी-आर २०१४ मध्ये आणता येऊ लागली. पण हा झाला केंद्राचा नियम. कॅलिफोर्नियात १९७५ नंतरची अशी गाडी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत धुराच्या कसोटीला उतरवावी लागते, आणि तो खर्च हजारो डॉलरचा असतो. दुसऱ्या राज्यात ती रस्त्यावर फिरताना दिसली म्हणून इथे नंबर मिळेल असे समजू नका. १९७५ ची ही रेषा पुढे सरकवून जुन्या गाड्यांना सूट द्यावी, असे विधेयक २०२५ मध्ये इथल्या विधिमंडळात आले होते, ते समितीतच अडकले. आम्हाला त्याचा फायदा झाला असता. तरी फार हळहळ वाटली नाही.

गाडी जरूर उघडा. इंजिन बदलायचे तर तेवढ्याच किंवा नंतरच्या सालचे, त्याच्या सगळ्या धूरयंत्रणेसकट बसवून सरकारी रेफरीकडून पास करून घेता येते. ब्रेक, सस्पेन्शन, चाके यांत हौसेला भरपूर वाव आहे. हाताला ग्रीस लागल्याशिवाय यंत्र कळत नाही, आणि ते आई-बाबांनाही पटवता येते. पण विकत घेण्यापूर्वी बॉनेट उघडा, कागद मागा आणि खिशात तीनशे डॉलर रोख ठेवू नका.

आजींच्या प्रश्नाचे उत्तर राहिलेच. आजी, नवी गाडी परवडते, ती आहेही. जुनी ठेवली आहे ती टॉर्च धरायला घरात आता आणखी एक जण तयार झाला आहे म्हणून. संक्रांतीच्या कार्यक्रमाला गाडी घेऊन येऊ. या वेळी तुम्ही आत बसा, एक चक्कर मारून आणतो. खिडकी उघडी ठेवली तरी चालेल.